भिंतीवरची आई

माझी आई भरदुपारी घर सोडून गेली. बाबा जेवत होते, आत्या वाढत होती, मी शाळेचा गणवेश न बदलताच ताटावर बसले होते. आईच्या हातात एक पिशवी होती आणि पायात बाबांचे जुने बूट. दाराशी ती थांबली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "जेवण गार होईल, जेव." मग तिने दार ओढून घेतलं. जिन्यावरून बुटांचा आवाज खाली खाली जात राहिला. बाबांनी तोंडातला घास सावकाश चावला, गिळला आणि आत्याला म्हणाले, "पाणी दे."

लोक म्हणतात, ती पळून गेली. पळून जाणाऱ्या माणसाला मागून कुणी धरेल अशी धास्ती तरी असते. आईला कुणी धरलंच नाही.

आणि "जेवण गार होईल, जेव" या तिच्या वाक्याचा राग मला अजूनही येतो. पोटच्या पोरीला जाताना सांगण्यासारखं तिला जगात एवढंच सापडलं?

आईच्या वडिलांचं दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज होतं. पत्र्याचं शटर, तेल पिऊन काळी झालेली फरशी, भिंतीवर खिळ्यांना टांगलेले पाने. आई शाळेतून सुटली की थेट तिथे जायची. दुरुस्त झालेली गाडी चालवून बघायचं काम आजोबा तिच्याकडे द्यायचे, कारण ती परत येऊन खरं सांगायची. गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी "गाडी अजून नीट झालेली नाही" म्हणायची. गावाबाहेर एक लांब सरळ रस्ता होता. तिथे ती गाडी सोडायची आणि केस विस्कटून, डोळ्यांत धूळ घेऊन, तोंडभर हसत परत यायची. हे सगळं मला मामाकडून कळलं. तो ते थट्टेने सांगायचा.

मामा मोठा झाला आणि एक दिवस त्याने आजोबांना सांगितलं की, पोरगी गाड्या फिरवते म्हणून गिऱ्हाइकं हसतात. त्या दिवसापासून आईकडे चहा आणि तेलकट फडकी धुण्याचं काम आलं. पुढे गॅरेज मामाला मिळालं आणि आईला बाबा मिळाले.

बाबा वाईट नव्हते. हे मला मुद्दाम सांगावं लागतं, कारण ही गोष्ट ऐकणारे लगेच मिशा पिळणारा कुणीतरी डोळ्यांपुढे आणतात. बाबांनी कधी हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. त्यांचं नळ, शॉवर आणि बेसिनचं दुकान होतं आणि तिथे प्रत्येक वस्तू जिथल्या तिथे असायची. घरातही त्यांना तसंच लागायचं. आईची जागा दुपारी दुकानात काउंटरमागे आणि उरलेला वेळ ओट्यापुढे होती. बाबांची मोटरसायकल होती, तिच्यावर आईची जागा मागे.

एकदा ती गाडी भर बाजारात बंद पडली. बाबा किका मारून घामाघूम झाले. शेवटी आईने त्यांना बाजूला केलं, प्लग काढला, साडीच्या टोकाला पुसला, परत बसवला आणि एका किकेत गाडी चालू केली. शेजारचा औषधवाला म्हणाला, "आता वहिनींनाच पुढे बसवा." बाबा हसले. घरी आल्यावर मात्र ते कितीतरी दिवस तिच्याशी बोलले नाहीत, आणि आईने विचारलं की "कुठे काय?" म्हणायचे.

मी सहावीत असताना बस डेपोमागच्या मैदानात आनंदमेळा लागला. आम्ही सगळे गेलो. पाळण्यात बसून झालं, नेमबाजी झाली आणि मैदानाच्या टोकाला ती विहीर दिसली. खरी विहीर नव्हे, उभ्या लाकडी फळ्यांचं भलंमोठं पिंप म्हणा हवं तर. बाहेरच्या जिन्याने वर चढायचं, कठड्याला धरून गोल उभं राहायचं आणि आत वाकून बघायचं. तळाशी एक माणूस मोटरसायकलवर बसला होता. तो आधी जमिनीवरच गोल फिरला, मग तळाच्या उतरत्या फळ्यांवर आला आणि बघता बघता गाडी उभ्या भिंतीवर चढली. माणूस आडवा, गाडी आडवी, चाकं फळ्यांवर. सगळी विहीर धडधडायला लागली. मी बाबांच्या शर्टात तोंड खुपसलं. आत्याने डोळे मिटून घेतले. तो माणूस आमच्या पायाशी येऊन हात सोडून गेला तेव्हा लोकांनी आरडाओरडा केला.

आईने टाळीसुद्धा वाजवली नाही. ती नुसती बघत होती. खेळ संपल्यावर बाबा म्हणाले, चला. ती म्हणाली, तुम्ही व्हा पुढे, मी अजून एक बघून येते.

दुसऱ्या दिवशी ती एकटी गेली. तिसऱ्या दिवशीही. दुकानात बसायच्या वेळेला ती मैदानावर असायची आणि बाबांना डोकेदुखीचं कारण सांगायची. विहिरीच्या मालकाने आधी तिला हसण्यावारी नेलं. मग एक गाडी चालू होत नव्हती ती तिने करून दिली, तेव्हा त्याने तिला तळाच्या जमिनीवर चार फेऱ्या मारू दिल्या. ती ओकली. पुन्हा बसली. मेळ्याचा मुक्काम हलायच्या आधी ती उतरत्या फळ्यांपर्यंत चढली होती.

हे घरी कळलं ते आत्यामुळे. आई पाय धूत होती आणि आत्याला तिच्या पोटरीवर भाजल्याचा लालभडक डाग दिसला. सायलेन्सरचा चटका तसाच दिसतो. आत्याने बाबांना सांगितलं, बाबांनी मामाला बोलावलं.

मग आमच्या हॉलमध्ये बैठक बसली. मी आतल्या खोलीत होते, पण भिंत पातळ होती. मामा बराच वेळ बोलला. घराण्याची अब्रू, वाढती मुलगी, उद्या हिच्या लग्नाला कोण उभं राहणार, पडलीस तर आयुष्यभर कोण करणार. बाबा म्हणाले की, हौस असेल तर आपण शिवणाचा क्लास लावू. आईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला ते करायचंय. मला ते येतं."

"बाईमाणसाला हे शोभत नाही," मामा म्हणाला.

"गाडी मला तुझ्याआधी येत होती."

तेव्हा बाबा शांतपणे बोलले, नेहमीच्याच आवाजात. "जायचं असेल तर जा. पोरगी इथेच राहील. आणि एकदा गेलीस की परत या दारात यायचं नाही."

आई "विचार करते" म्हणाली. सगळ्यांना वाटलं, जिरली. मामा जाताना माझ्या गालावर चापट मारून गेला. आणि पुढच्याच आठवड्यात, मेळा गाव सोडत होता त्या दुपारी, विचार करून ती गेली.

त्यानंतरची वर्षं मी रागातच काढली. बाबांनी घरात तिचं नाव घेणं बंद केलं. तिच्या साड्या आत्याने कुणाला तरी देऊन टाकल्या. शाळेत मी वर्गात शिरले की मागच्या बाकावरून कुणीतरी तोंडाने घर्रर्र आवाज काढायचं आणि अख्खा वर्ग खिदळायचा. एकीचे केस मी मुठीत धरून ओढले, त्याची शिक्षा मलाच झाली. बाबा माझी वेणी घालायला शिकले. ती कधी सरळ यायची नाही, पण ते रोज घालायचे आणि मला त्यांची दया यायची. त्या दयेपोटी आईवरचा राग दुप्पट व्हायचा. ती मजा मारते आहे आणि इथे हा माणूस माझ्या डोक्यावर भांग पाडतो आहे, असं मला वाटायचं.

आत्याचं तर कुणी काही विचारलंच नाही. तिचं एक स्थळ तेव्हा ठरत आलं होतं. ते मोडलं. घरात बाई नाही, पोरगी लहान, मग तूच बघ, असं ठरलं आणि ती बघत राहिली.

शिक्षण संपल्यावर मी बाबांच्या दुकानात बसायला लागले, त्याच काउंटरमागे. एका सकाळी दुकानातला फोन वाजला. बाबा गोदामात होते म्हणून मी उचलला. पलीकडे विहिरीचा मालक होता. म्हणाला, बाई पडल्यात, मागचं टायर फुटलं, खुबा मोडलाय, दवाखान्यात आहेत. मी विचारलं, हा नंबर तुम्हाला कुणी दिला? तो म्हणाला, "बाईंनी. घरचा नंबर विचारला की त्या हाच देतात. आणि या भागात मुक्काम असला की दुकानावर येऊन पण जातात ना. तुम्हाला माहीत नाही?"

मला माहीत नव्हतं.

बाबा गोदामातून आले. मी त्यांना सांगितलं, आई पडली. ते खुर्चीवर बसले, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "होणारच होतं कधीतरी." त्यांच्या आवाजात दुःख होतं, खोटं कशाला बोलू. पण दुःखाखाली समाधानही होतं, वर्षानुवर्षं वाट बघितलेल्या माणसाचं. ते पुढे म्हणाले, "मागची खोली रिकामी करून घेऊ. तिला म्हणावं, झालं गेलं विसरलो, ये. आता तरी शहाणी होईल."

मी विचारलं, ती इथे यायची का?

"यायची. मी सांगायचो, तुला भेटायचं नाही म्हणून."

"मला कधी विचारलंत?"

"तू लहान होतीस."

"दरवर्षी लहान होते?"

त्यांनी चष्मा लावला आणि समोरच्या गिऱ्हाइकाला नळ दाखवायला घेतले.

मी तशीच बसने निघाले. रस्ताभर मी मनात बाबांशी भांडत होते आणि उतरल्यावर लक्षात आलं की आईला बोलायचं सगळं मी बाबांवरच खर्च करून बसले आहे. पण तसं झालं नाही. वॉर्डात शिरले, ती दिसली आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

ती वाळली होती. केस बारीक कापलेले, एक पाय वजन लावून ताणून ठेवलेला, मनगटाला प्लास्टर. खाटेशेजारच्या लोखंडी कपाटावर मेळ्याची जाहिरात पडली होती, तिच्यावर आईचा फोटो आणि खाली लाल अक्षरांत 'तुफान राणी'. आमच्या घरातली बाई, जिने कधी ओठांना लाली लावली नव्हती.

तिने मला लगेच ओळखलं. म्हणाली, "उंच झालीस."

मी म्हणाले, बाबा मागची खोली रिकामी करून घेणार आहेत, चल म्हणालेत. ती म्हणाली, नाही. मी म्हणाले, तुझी वाट बघत मी खिडकीत बसायचे. मुली माझ्यामागे गाडीचे आवाज काढायच्या. पहिल्यांदा पाळी आली तेव्हा मी मरते आहे असं मला वाटलं होतं आणि बाबांना तोंड दाखवायचं नाही म्हणून मी मोरीत बसून राहिले होते. मी बोलत होते आणि शेजारच्या खाटांवरच्या बायका ऐकत होत्या. ऐकू देत, म्हटलं.

आईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी यायचे. ते म्हणायचे, ती तुझं तोंड बघायला तयार नाही."

"आणि तू ते ऐकलंस?"

"हो."

"उभ्या भिंतीवर चढतेस आणि दुकानाच्या पायरीवरून परत जातेस?"

ती छताकडे बघत राहिली. मला वाटलं आता रडेल. रडली नाही.

"भिंतीची मला भीती वाटत नव्हती," ती म्हणाली. "तुझी वाटायची. तू समोर येऊन नाही म्हणाली असतीस तर? त्यापेक्षा त्यांच्या तोंडून ऐकलेलं परवडायचं."

"म्हणजे तू भित्री आहेस."

"त्या बाबतीत, हो."

मी विचारलं, पस्तावा होतो का? खरं तर मला तिच्या तोंडून हो ऐकायचं होतं. एकदा हो म्हणाली असती तर मी तिथेच बसून तिचा पाय चेपला असता.

"तुला सोडलं ते चुकलं," ती म्हणाली. "गेले ते चुकलं नाही. दोन्ही खरं आहे, त्याला मी काय करू? आजसुद्धा कुणी तेच विचारलं तर मी जाईन. तुला घेऊन जाईन, पण जाईन."

"मी आले नसते तर?"

"तरी गेले असते," ती म्हणाली, आणि मी पिशवी उचलून बाहेर पडले.

दवाखान्याबाहेर एका बाकावर मी बराच वेळ बसले. तिने खोटं बोलायला काय हरकत होती? आजारी माणसं बोलतात, त्यांचं कुणी मनावर घेत नाही. पण गॅरेजमध्ये गिऱ्हाईक समोर असतानाही ती खोटं बोलली नव्हती म्हणे, मग माझ्यापुढे कशाला बोलेल? मी परत आत गेले. आमच्यात त्या दिवशी आणखी काही बोलणं झालं नाही. मी तिला जेवण भरवलं, कारण तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. मी जरा जोरातच भरवलं.

घरी परतल्यावर मी भर दुकानात, माणसं असताना, बाबांना विचारलं की तुम्ही माझ्या वतीने उत्तर कसं दिलंत. ते म्हणाले, "तुझ्यासाठीच केलं. तू तिच्यासारखी झाली असतीस." त्यांना खरंच तसं वाटत होतं आणि म्हणूनच मला जास्त चीड आली. मी किल्ल्या काउंटरवर ठेवल्या. आता मी दुसऱ्याच्या फरशीच्या दुकानात हिशेब बघते. बाबांचं आणि माझं बोलणं आहे, जेवलीस का, पगार झाला का, इतपत. ती वाकडी वेणी आठवली की मला अजून त्यांची दया येते. दया आली म्हणून राग जात नाही, एवढं मात्र मला कळलं आहे.

आईचा खुबा जुळला, पण पाय आखूड राहिला. मालकाने तिला पुन्हा गाडी द्यायला साफ नकार दिला. ती त्याच्याशी महिनाभर भांडली. शेवटी त्याने एकदा चढू दिलं आणि स्वतः डोक्याला हात लावून तळाशी उभा राहिला. तिच्या अंगात पहिल्यासारखं बळ राहिलं नव्हतं. निम्म्या उंचीपर्यंत गेली, दोन फेऱ्या मारल्या आणि उतरली. मग स्वतःच म्हणाली, आता पोरींना शिकवते. आज तिच्या हाताखाली दोन मुली चालवतात. ती खालून त्यांच्यावर खेकसत असते. शिव्या इतक्या देते की प्रेक्षक खेळापेक्षा त्यालाच जास्त हसतात.

मुक्काम जवळ असला की मी जाते. आम्ही भांडतो. ती मला दुकानातली नोकरी सोड म्हणते, मी तिला तोंड आवर म्हणते.

मागच्या खेपेला निघताना आत्या चपला घालून दाराशी उभी राहिली. म्हणाली, "मी पण येते." मला वाटलं तिलाही खेळ बघायचा असेल.

मैदानावर पोचलो तेव्हा आई विहिरीच्या मागच्या बाजूला चेनला तेल घालत होती. आत्याला बघून ती उठायला लागली, पायामुळे वेळ लागला. आत्याने तिला पुरतं उठूही दिलं नाही.

"वहिनी, तू गेलीस," ती म्हणाली. "तुझी पोर माझ्या गळ्यात, तुझा नवरा माझ्या गळ्यात, तुझा ओटा माझ्या गळ्यात. माझं ठरत होतं ना तेव्हा? तुला माहीत होतं. साडी तूच निवडली होतीस माझ्यासोबत. जाताना एकदा तरी माझ्याकडे बघितलंस? मी वाढत होते. हातात पातेलं होतं माझ्या."

मी आत्याला इतकं बोलताना कधीच ऐकलं नव्हतं. ती बोलत राहिली. कुणाकुणाची आजारपणं, कुठली कुठली लग्नं, जिथे तिला मागच्या रांगेत बसवलं, आईच्या पोटरीवरच्या डागाचं बाबांना सांगितलं म्हणून तिलाच कसा पस्तावा झाला ते. शिकणाऱ्या मुली लांब उभ्या राहिल्या. भोंग्यावरून पुढच्या खेळाची हाक सुरू झाली तरी आत्या थांबली नाही, तिने आवाज आणखी वर चढवला. आई तेलाचा हात तसाच धरून उभी होती.

आत्याचं संपलं तेव्हा आई म्हणाली, "तुझ्या बाबतीत चुकलंच माझं. तुझा मी विचारच केला नाही."

"मग?"

"मग काही नाही. चुकलं."

आत्या काही क्षण तिच्याकडे बघत राहिली. पुढे अजून काहीतरी येईल, कुणीतरी काहीतरी भरून देईल, असं तिला वाटलं असावं. ते आलं नाही. ती वळली आणि मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या टेम्पोच्या फळीवर जाऊन बसली. वर चल म्हटलं तर आली नाही. मी एकटीच जिना चढले. खाली आईने शिकाऊ मुलीच्या पाठीवर थाप मारली, गाडी भिंतीवर चढली, फळ्या धडधडायला लागल्या, आणि वरून बघितलं तर आत्या कानांवर हात न ठेवता, ताठ, विहिरीकडे तोंड करून बसली होती.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत होती. आमचा थांबा जवळ आला तेव्हा म्हणाली, "आवाज फार होतो त्याचा." मी हो म्हणाले. ती उठून दाराकडे गेली.